राजश्रीच्या पाळणाघरातला जानेवारी

मूल सोडायला आलेल्या आईला राजश्री आधी एकच गोष्ट विचारते. "रात्री खोकला का?" डबा, दुपटं, दुधाची बाटली हे सगळं त्यानंतर. काही आया हसतात, काहींना राग येतो. पण विचारल्याशिवाय ती मुलाला हातात घेत नाही.

तुर्भे गावात सरस्वतीकाकूंच्या चाळीत तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या आहेत. काकू मूळच्या इथल्याच. त्यांच्या सासऱ्यांची भातशेती शहर वसवताना गेली, उरलेल्या जागेवर त्यांनी चाळ बांधली आणि आता वरच्या मजल्यावर राहून खालच्यांची विचारपूस करणं हा त्यांचा दिवसभराचा उद्योग आहे. राजश्रीच्या पुढच्या खोलीत पाळणाघर, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे ती, कॉलेजात जाणारी मुलगी अक्षता आणि सासू चांगुणाबाई. चांगुणाबाई महाडकडच्या. तरुणपणी खडीच्या खाणीत राबल्या, त्या धुळीने की चुलीच्या धुराने कोण जाणे, पण आता त्यांना दमा आहे. थंडी पडली की रात्रभर त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू येते.

राजश्रीचा नवरा पोपट इथल्याच एमआयडीसीत एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. धडधाकट माणूस. २०२१च्या एप्रिलात त्याला ताप आला. "हवा बदललीय, दुसरं काय," असं तोच म्हणाला. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घेतलं, मधे एक दिवस बरंही वाटलं. मग एका सकाळी तोंड धुऊन आला, पलंगावर बसला आणि त्याला बोलताच येईना. एकेका शब्दाला दम लागत होता. बेड शोधता शोधता संध्याकाळ झाली. राजश्रीने त्याला शेवटचं बघितलं ते अॅम्ब्युलन्सच्या काचेतून.

तेव्हापासून तिला एकच प्रश्न छळतो. तापाच्या पहिल्या दिवशी मला का कळलं नाही?

नवरा गेल्यावर तिने पाळणाघर सुरू केलं, कारण घर चालवायचं होतं आणि सासूला एकटं सोडायचं नव्हतं. पोरं तिला लळा लावतात. पण भीती गेली नाही. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते छोटं यंत्र तिने तेव्हाच घेतलं होतं. कोणी शिंकलं तरी ती ते काढायची. गोळ्यांचा एक डबाही तिने जमवला होता. कोणाच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, कधीची तरी खोकल्याची बाटली, तापाचं औषध. अक्षताला साधी सर्दी झाली तरी आई तिला मास्क लावून मागच्या खोलीत बसवायची, दर तासाला बोट पुढे करायला लावायची आणि शेवटी स्वतःच कोपऱ्यात जाऊन रडायची.

गेल्या जानेवारीत टीव्हीवर पुन्हा व्हायरसच्या बातम्या सुरू झाल्या. चीनमधल्या दवाखान्यातली गर्दी, लाल अक्षरं, मागे धडधडणारं संगीत. राजश्रीने टीव्ही बंद केला, पण मोबाइल कसा बंद करणार? पालकांच्या ग्रुपवर रोज काहीतरी येऊन पडायचं. हे खा, ते खाऊ नका, कापूर हुंगा.

त्याच आठवड्यात चार वर्षांचा वरद नाक गळत आला. त्याची आई म्हणाली, "ताप नाही हो, खेळतोय बघा." खरंच खेळत होता. राजश्रीने तरी त्याला लांबच्या कोपऱ्यात बसवलं. आता चार वर्षांचं मूल कोपऱ्यात किती वेळ बसणार? थोड्या वेळाने बघते तर वरद कान्हाच्या झोळीत डोकं घालून त्याला हसवत होता.

कान्हा म्हणजे संध्याचा मुलगा, सात महिन्यांचा. संध्या तळोज्याला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. मूळची जासईची. कान्हा तिचं पहिलंच मूल. गुबगुबीत आणि हसरा, कोणाकडेही जाणारा.

दोन-तीन दिवसांनी कान्हाचंही नाक वाहायला लागलं. राजश्रीने दारातच विचारलं, "रात्री खोकला का गं?"

"नाही ताई. नाक तेवढं चोंदलंय," संध्या चपला न काढताच म्हणाली. तिची कंपनीची बस सुटायची वेळ झाली होती. "दूध पिऊन आलाय. जाऊ ना मी?"

राजश्रीने त्याला घेतलं. अंगाला हात लावला. ताप नव्हता. तिच्या डोक्यात ताप म्हणजे धोका आणि ताप नाही म्हणजे धोका नाही, हे पोपटच्या आजारपणापासून पक्कं बसलं होतं. तिला जरा हायसं वाटलं.

दुपारी तिने बाटली तोंडाला लावली. कान्हाने दोन घोट घेतले, तोंड सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं आणि रडायला लागला. रडणंही नेहमीचं नव्हतं. आवाज अर्ध्यावर तुटत होता. तिने यंत्र काढून त्याच्या इवल्याशा बोटाला लावलं. बोट त्यात मावेना, घसरायला लागलं. कधी शहाण्णव दिसे, कधी नुसत्या रेघा. तिने पायाच्या अंगठ्याला लावून बघितलं. पुन्हा शहाण्णव.

"शहाण्णव म्हणजे चांगलं ना?" ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली.

कान्हाचं रडणं ऐकून सरस्वतीकाकू खाली आल्या. "काय झाला गो पोराला?"

"दूध घेत नाही काकू. दम लागल्यासारखं करतोय."

"सर्दी भरली हाय छातीत. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम कर नि छाती शेक. आमच्या पोरांना आमी हेच केला. गरम पान्याची वाफ पन दे."

राजश्रीने तवा ठेवला. दुसऱ्या हाताने गोळ्यांचा डबा उघडून खोकल्याची बाटली काढली. बाटलीवरचं वाचायचा प्रयत्न केला, पण अक्षरं डोळ्यांपुढे नाचत होती. तिने संध्याला फोन लावला. फोन नुसता वाजत राहिला. कामावर असताना संध्याचा मोबाइल गेटवर जमा असतो, हे तिला माहीत होतं. तरी तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला.

शेक द्यायला म्हणून तिने कान्हाचं झबलं वर केलं आणि तिचा हात तिथेच थांबला. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. बरगड्यांखाली खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. पोट भरभर वरखाली होत होतं. बाळाने आता रडणंही थांबवलं होतं. तो नुसता तिच्याकडे बघत होता.

ताप नव्हता. यंत्र शहाण्णव सांगत होतं. आणि तरीही समोर जे दिसत होतं ते तिने आधी एकदा पलंगावर बसलेल्या मोठ्या माणसात बघितलं होतं.

"काकू, पोरांकडे बघा," एवढंच ती म्हणाली. गॅस बंद करायचंही तिला सुचलं नाही, तो चांगुणाबाईंनी बंद केला. कान्हाला शालीत गुंडाळून ती रस्त्यावर धावली. ट्रकच्या रांगेतून वाट काढत तिने एका रिक्षाला आडवं जाऊन ती थांबवली.

डॉक्टर वैदेहींचा दवाखाना जुईनगरला होता. घरातल्या लहानथोरांना चाळीतले सगळे तिथेच नेत. बाहेर गर्दी होती, पण शाल बाजूला करून कंपाउंडरने एकदा बघितलं आणि तिला सरळ आत पाठवलं. डॉक्टरांनी कान्हाचं झबलं काढलं, त्याच्या छातीकडे थोडा वेळ नुसतं बघत राहिल्या, मग कानाला नळी लावली. लहान मुलांच्या पायाला गुंडाळायचं वेगळं यंत्र त्यांच्याकडे होतं.

"ऑक्सिजन कमी आहे. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्यायचं."

"माझ्याकडे शहाण्णव दाखवत होतं मॅडम."

"मोठ्या माणसाची क्लिप बाळाच्या बोटावर भरवशाची नसते. तुम्ही त्या आकड्यावर बसला नाहीत, निघालात, हे बरं केलंत." डॉक्टर बोलता बोलता हॉस्पिटलला फोन लावत होत्या.

"हा तोच आहे का? टीव्हीवरचा?"

"बाळाच्या वयावरून आणि छातीच्या आवाजावरून मला आरएसव्ही वाटतोय. दर हिवाळ्यात येतो. मोठ्यांना आणि मोठ्या मुलांना नुसती सर्दी करतो. एवढ्या बाळांच्या श्वासनळ्या मात्र सुतासारख्या बारीक असतात, त्या सुजतात आणि चिकट कफाने भरतात. टीव्हीवरचा व्हायरसही हेच करू शकतो, आणि तोही काही आजचा नाही. तपासल्याशिवाय नाव सांगता येणार नाही. पण नाव कुठलंही असलं तरी आज याला ऑक्सिजन हवा, नाक साफ हवं आणि पोटात दूध-पाणी जायला हवं."

"अँटिबायोटिक देऊ का? माझ्याकडे आहे."

"नको. व्हायरसवर त्याचा काही उपयोग नाही. खोकल्याचं औषध दिलंत का?"

"नाही. काढलं होतं."

"देऊ नका. एवढ्या बाळाला कधीच नाही. वाफही नको, भाजतं पोरांना."

अॅम्ब्युलन्स आली. ते दार, ती काच. राजश्री पायरीपाशीच थांबली. मग कान्हाने तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलेलं तिला दिसलं. ती चढली.

कारखान्याच्या गेटवर निरोप मिळून संध्या हॉस्पिटलला पोचली तेव्हा कान्हाच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि एक बारीक नळी पोटापर्यंत गेली होती, दुधासाठी. तिने मुलाला बघितलं आणि वळून राजश्रीवर ओरडली.

"तुमच्याकडेच लागलं त्याला! त्या वरदला घेतलंतच कशाला? सर्दीवाली पोरं घेता आणि वर आम्हालाच प्रश्न विचारता!"

वरदला राजश्रीनेच घेतलं होतं. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. अर्ध्या तासाने संध्या बाहेर आली आणि तिच्या शेजारी बसली.

"तो रात्री खोकत होता," संध्या हळूच म्हणाली. "दोन रात्री. दूधही कमी पीत होता. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं. आधीच किती सुट्ट्या झाल्या होत्या माझ्या."

राजश्रीला राग यायला हवा होता. आला नाही. रोज दारात उभं राहून आपण जो प्रश्न विचारतो, त्याला लोक आपल्याला बरं वाटेल तेच उत्तर देतात, हे तिला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं.

कान्हा त्या रात्री तिथेच राहिला. राजश्रीने दुसऱ्या दिवशी पाळणाघर बंद ठेवलं. वरदच्या आईने फोनवर कुरकुर केली, पण वरदला घरी ठेवलं. राजश्रीने फिनेल टाकून फरशी पुसली, खेळणी साबणात बुडवली, खिडक्या सताड उघडल्या. दुपारच्या सुमाराला मागच्या खोलीतून चांगुणाबाईंची हाक आली.

"राजश्री, मला गोधडी दे गं. हाडं मोडल्यासारखी झालीत."

सकाळी त्याच बाईने भाकऱ्या थापल्या होत्या. आता त्यांचे दात वाजत होते, अंग तव्यासारखं तापलं होतं. डोकं ठणकत होतं, कोरडा खोकला सुरू झाला होता. आणि दम्याची ती शिट्टी दिवसाढवळ्या ऐकू येत होती.

ताप. अंगदुखी. खोकला. पोपटचं सगळं याच क्रमाने झालं होतं. कान्हाला ताप नव्हता आणि तो ऑक्सिजनवर होता. सासूला एवढा ताप होता, मग हिचं काय होणार? हे एकच आहे की दोन? कोणी आणलं? मी आणलं का हॉस्पिटलमधून? राजश्री यंत्र हातात धरून खोलीच्या मधोमध उभी होती.

कॉलेजातून आलेली अक्षता दारात थबकली. तिने आजीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि दप्तर खांद्यावरच ठेवून म्हणाली, "मम्मी, मला परवा ताप होता."

"काय?"

"परवा. एकदम थंडी वाजून आला. अंग खूप दुखत होतं. मी क्रोसिन घेतली आणि कॉलेजला गेले. कालही होता थोडा. वर्गात निम्मी मुलं आजारी आहेत." तिचा आवाज घोगरा झाला होता. तो कधीपासून तसा आहे, हे राजश्रीच्या लक्षातही आलं नव्हतं. "मी आजीच्या शेजारी झोपते ना."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तू रडली असतीस. तू झोपत नाहीस मम्मी. मी शिंकले तरी तू झोपत नाहीस."

राजश्रीने तिच्या थोबाडीत मारायला हात उचलला आणि तोच हात तिच्या कपाळावर ठेवला. कपाळ कोमट होतं.

"चल," ती म्हणाली. "आजीला धर एका बाजूने."

डॉक्टर वैदेहींनी सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. ताप कधी आला, हळूहळू चढला की एकदम, आधी नाक वाहिलं की आधी अंग दुखलं. चांगुणाबाईंच्या आणि अक्षताच्या नाकात कापसाची काडी फिरवली. थोड्या वेळाने पट्ट्या समोर ठेवल्या.

"कोविड नाही दिसत. दोघींनाही फ्लू आहे."

"आणि कान्हाचं? हॉस्पिटलमधून संध्याचा फोन आला होता, त्याला ते तुम्ही म्हणालात तेच निघालं. आरएसव्ही."

"मग घरात एकाच वेळी दोन वेगळे व्हायरस आलेत. एक पाळणाघरातून, एक कॉलेजातून. हिवाळ्यात होतं असं."

"ओळखायचं कसं मॅडम? मला ओळखता यायला हवं."

"थोडं ओळखता येतं. साधी सर्दी हळूहळू येते, नाक आणि घसा धरते, माणूस हिंडत-फिरत असतो. फ्लू एकदम आदळतो. सकाळी भाकऱ्या थापणारं माणूस दुपारी गोधडीत असतं. पण कोविड आता या दोघांसारखाही दिसतो, नुसत्या लक्षणांवरून मीसुद्धा सांगू शकत नाही, म्हणून ही काडी. तुम्ही नाव ओळखत बसू नका. श्वास बघा. दम लागतोय का, छाती आत ओढली जाते का, ओठ निळे पडतात का, पाणी-दूध जातंय का, माणूस गुंगीत आहे का, उतरलेला ताप पुन्हा चढलाय का. यातलं काही दिसलं की निघायचं, आकडा काहीही असो. दम लागत नसेल, खाणंपिणं चालू असेल तर आराम, पाणी, तापाला पॅरासिटामॉल. बाकी आठवडाभरात शरीरच बघतं. खोकला मात्र रेंगाळतो, त्याला घाबरायचं नाही."

अक्षताला त्यांनी तेवढंच सांगितलं. चांगुणाबाईंना मात्र फ्लूवरच्या गोळ्या लिहून दिल्या, दम्याच्या पंपाचं औषध वाढवलं. "वय आणि दमा, दोन्ही आहे. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी आणलंत. या गोळ्या सुरुवातीलाच दिल्या तर नीट लागू पडतात. पाचही दिवस घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत."

चांगुणाबाई खुर्चीत मान टाकून बसल्या होत्या. सगळ्यांना वाटलं त्यांचं लक्ष नाही. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "डॉक्टरीनबाई, ह्या गोळ्या माझ्या पोपटला दिल्या असत्या, तर?"

राजश्रीने चार वर्षांत हा प्रश्न मोठ्याने कधी विचारला नव्हता. सासूच्याही मनात तो आहे, हे तिला माहीत नव्हतं.

"नाही आजी," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना झाला तो वेगळा व्हायरस होता. या गोळ्या त्यावर चालत नाहीत."

"मी लवकर नेलं असतं तर?" राजश्रीने विचारलं.

"मला माहीत नाही राजश्रीताई. खोटं नाही सांगणार. काहींना लवकर आणूनही आम्ही वाचवू शकलो नाही. त्या महिन्यात पहिल्या दिवशी बघून कोणाचं काय होईल, हे मलाही कळत नव्हतं. आणि मी तर शिकलेली आहे यात."

राजश्रीला याहून वेगळं काही हवं होतं. तुमची चूक नव्हती, असं कोणीतरी म्हणावं असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. ते कोणी म्हणालं नाही. तरी रिक्षात बसल्यावर तिने सासूचा हात हातात घेतला, आणि घर येईपर्यंत दोघी पोपटबद्दल बोलत होत्या. त्याला सुकट किती आवडायची, याबद्दल. अक्षता पुढे ड्रायव्हरशेजारी बसून ऐकत होती.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी चांगुणाबाईंचा ताप उतरला, पण अशक्तपणा इतका की संडासपर्यंत धरून न्यावं लागे. राजश्री मास्क लावून त्यांच्या उशाशी बसायची आणि आकड्याऐवजी छातीकडे बघायची. एकदा शिट्टी वाढली तेव्हा तिने डॉक्टरांना फोन केला. पंप नळकांड्याला लावून कसा द्यायचा ते त्यांनी फोनवर सांगितलं, तसं केल्यावर दम बसला. गोळ्यांचा डबा अक्षताने रिकामा केला. निम्म्याची तारीख उलटून गेली होती.

कान्हा पाच दिवसांनी घरी आला. खोकला पुढे कितीतरी दिवस राहिला. संध्याने त्याला पाळणाघरात पाठवलं नाही, जासईला आपल्या आईकडे ठेवलं. ते सांगायला ती आली तेव्हा उंबऱ्यातच उभी होती.

"राग नाही ताई. पण आता मला धीर होत नाही."

"ठेव तिकडेच," राजश्री म्हणाली. "थंडी संपू दे. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब घाल, दूध थोडं थोडं दे." आणि मग, "त्याला बघायला येऊ का मी एकदा?"

"या ना," संध्या म्हणाली.

पाळणाघर पुन्हा सुरू झालं. पहिल्याच सकाळी राजश्रीने सगळ्या आयांना थांबवलं. तिला भाषण जमत नाही. "पोर आजारी असेल तर सांगा," ती म्हणाली. "घरी ठेवता येत असेल तर ठेवा. नसेल ठेवता येत, तरी सांगा. मी ओरडणार नाही. सासूबाईंना वर काकूंकडे बसवून मागच्या खोलीत वेगळं ठेवीन, अक्षता आहे सोबतीला दुपारनंतर. पण लपवू नका." दुसऱ्या दिवशी एका आईने दारात, मान खाली घालून, मुलीला रात्री ताप होता असं सांगितलं. राजश्रीने आधी मुलीच्या छातीकडे बघितलं. मग तिला घेतलं.

तिची भीती गेलेली नाही. रात्री एखादा खोकला ऐकू आला की ती अजून उठून बसते. पण आता अक्षता तिला बोलावते आणि म्हणते, "मम्मी, बघ, मी बोलतेय, चालतेय, पाणी पितेय." मग ती थोडा वेळ बघते आणि पुन्हा आडवी होते. कधी झोप लागते, कधी नाही.

पावसाळ्याआधी डॉक्टरांनी चांगुणाबाईंना फ्लूची लस घ्यायला बोलावलं. दरवर्षी घ्यायची, असं सांगितलं. म्हातारीने आधी खूप कुरकुर केली. टोचल्यावर संध्याकाळी दंड दुखतोय म्हणून सगळ्या चाळीला सांगत सुटल्या, आणि सरस्वतीकाकूंना म्हणाल्या, "तुमी पन घ्या. एकटीनंच का दुखवून घ्यायचं मी?"

काकू दुसऱ्या दिवशी साडी बदलून खाली आल्या. "चल गो राजश्री," त्या म्हणाल्या, "दाव कुठं हाय तुझी डॉक्टरीन."